वांगचुक राजघराणे

भूतानचे राजघराणे. १७ डिसेंबर १९०७ रोजी पुनाखा येथे उग्येन वांगचुक यांची पहिले वंशपरंपरागत राजे म्हणून निवड झाली आणि या घराण्याची सत्ता सुरू झाली. तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक (कार. १९५२–७२) यांना आधुनिक भूतानचे जनक मानतात. त्याचे श्रेय बहुधा रस्ते, शाळा व दवाखाने यांना दिले जाते. पण रस्ते कोणताही राजा बांधतो. या राजाचे वेगळेपण आपल्याच सत्तेला बांध घालण्यात आहे. त्यांनी १९५३ मध्ये त्सोग्दू ही राष्ट्रीय सभा स्थापली, त्याच दशकात भूदासप्रथा मोडली, १९६८ मध्ये नकाराधिकार सोडला आणि पुढच्याच वर्षी राजाने दर तीन वर्षांनी सभेचे विश्वासमत घ्यावे, अशी तरतूद करवून घेतली.

हे सारे भीतीपोटी घडले, असा एक आक्षेप आहे. तिबेट चीनच्या ताब्यात गेल्यावर उत्तरेचा व्यापार थांबला, भूतान भारताकडे वळला आणि भारताच्या पैशावर १९६१ मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. फुंत्शोलिंगहून थिंफूला जाणारा रस्ता आणि १९७१ चे संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व यांचा उलगडा या भीतीने होतो. नकाराधिकार सोडण्याचा होत नाही. घाबरलेला राजा सत्ता आवळतो. शेजारच्या नेपाळात राजे महेंद्र यांनी १९६० मध्ये निवडून आलेले सरकार बरखास्त केले होते. भूतानमध्ये तर १९६४ मध्ये पंतप्रधान आणि राजाचे मेहुणे जिग्मे पाल्देन दोर्जी यांची हत्या झाली, १९६५ मध्ये खुद्द राजावर हल्ला झाला. सत्ता आवळायला याहून सबळ निमित्त कोणते? तरीही मोठी सत्तात्यागाची पावले त्यानंतरच पडली.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो, आणि तो मान्य करावा लागतो. वरून मिळालेला हक्क वरूनच काढून घेता येतो. विश्वासमताची तरतूद १९७३ मध्ये रद्द झाली. चौथे राजे जिग्मे सिंग्ये यांच्या काळात १९८५ चा नागरिकत्व कायदा, १९८८ ची शिरगणती आणि पोशाख-भाषेची सक्ती यांतून सुमारे एक लाख नेपाळीभाषक ल्होत्शांपांना देश सोडावा लागला. याच राजाने १९९८ मध्ये कार्यकारी सत्ता मंत्रिमंडळाकडे सोपवली आणि २००६ मध्ये गादी सोडली. २००८ च्या संविधानाने राजाला ६५ व्या वर्षी निवृत्तीचे बंधन घातले. राजाची सत्ता कमी झाली, म्हणून प्रजेत समता आली असे नव्हे. २००८ च्या पहिल्या संसदीय निवडणुकीत पूर्व नेपाळमधील छावण्यांतल्या या निर्वासितांना मत नव्हते; त्यांतील बहुतेकांचे पुनर्वसन पुढे अमेरिकेत व अन्य देशांत झाले, भूतानमध्ये नाही.