राजाच्या उंबरठ्यावर बसलेला कवी

आज आपण आयर्लंडला जाऊ. तिथल्या विल्यम बटलर येट्स या कवीचं ‘राजाचा उंबरठा’ अशा अर्थाच्या नावाचं नाटक १९०३ साली डब्लिनमध्ये झालं.

राज्याच्या मसलतीत बसायचा कवीला जुना हक्क होता. पण धर्मगुरू, सेनानी आणि कायदा करणारे कुरकुरले, ‘नुसत्या शब्दांच्या माणसानं आमच्या पंक्तीला का बसावं?’ ग्वारे राजानं त्यांचं ऐकलं. मग शानहन हा कवी राजवाड्याच्या पायरीवर उपाशी बसला.

हा हट्ट नव्हता. आयर्लंडच्या जुन्या कायद्यात सर्वांत मोठ्या कवीची अब्रू छोट्या राजाइतकी मोलाची धरत. आणि बड्या माणसाकडून येणं वसूल करायचं, तर त्याच्या दाराशी उपास करायची रीत होती. उपाशी माणसाकडे पाठ फिरवणाऱ्याची पत जाई. आपल्याकडचं धरणं तसंच. थकलेल्या पगारासाठी मराठी फौजेतले शिपाई सरदाराच्या दारी धरणं धरत.

नाटकात शानहनला उठवायला एकेक जण येतो. गावच्या पुढाऱ्याला राजाकडून चराईची जमीन हवी असते, म्हणून तो म्हणतो, राजाला दुखवू नकोस. राजकन्या येतात. ज्या फेडेल्मशी त्याचं लग्न व्हायचं आहे, ती घास भरवू पाहते. आई मात्र निरोपच पाठवत नाही. आपला मुलगा बदलणार नाही, हे तिला ठाऊक असतं.

पहिल्या नाटकात शेवटी राजा नमतो. पण १९२० साली कॉर्क शहराचे महापौर टेरेन्स मॅक्स्विनी इंग्रजांच्या तुरुंगात ७४ दिवस उपाशी राहून वारले. त्यानंतर येट्सनं शेवट बदलला. नव्या शेवटात कवी मरतो, पण हक्क सोडत नाही.

आम्हाला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. राजानं कवीचं अन्न तोडलं नव्हतं, घर घेतलं नव्हतं. फक्त बसायची जागा काढली होती. जागा गेली की बोलणं जातं, आणि मग आपल्याविषयीचे निर्णय दुसरेच घेतात. आणखी एक पाहा. या नाटकात बायका येतात त्या विनवायला आणि जेवू घालायला. मसलतीत त्या कुठेच नाहीत.

पुढच्या ग्रामसभेत आपण कुठे बसणार, पुढे की दाराशी, हे गटाच्या बैठकीत आधीच ठरवूया.