नुसतं बोलायचे बाराशे?

२०१९ सालच्या माझ्या खर्चाच्या वहीत पाच ठिकाणी 'पुस्तकं – १२००' अशी नोंद आहे. ती पुस्तकं नव्हती. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो. दुसऱ्यांदा पूर्वपरीक्षा हुकली होती आणि तीन महिने पहाटे चारच्या आधी झोप लागत नव्हती. मेसमधल्या एका मित्रानं एका थेरपिस्ट बाईंचा नंबर दिला. पन्नास मिनिटांचे बाराशे रुपये. पैसे घरून यायचे, म्हणून वहीत पुस्तकं.

दिवाळीला गावी गेलो. आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीपासून फार लांब नाही. ऑक्टोबरच्या शेवटी आलेल्या पावसात काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं होतं, ढिगातल्या शेंगांना कोंब फुटले होते. अशा दिवसांत अण्णांनी माझी वही चाळली. "एवढी कसली पुस्तकं?" मी खरं सांगून टाकलं. ते चिडले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "नुसतं बोलायचे बाराशे? कशाचे घेती ती बाई?"

त्यात टोमणा नव्हता. कृषी सेवा केंद्रात औषधाची बाटली हातात घेऊन ते असंच विचारतात. मग त्यांनी हिशेब केला. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ३,७१० रुपये. "म्हंजे बत्तीस किलो सोयाबीन. एका बैठकीला." आमचं भिजलेलं सोयाबीन हमीभावानं कोण घेणार होतं, ही गोष्ट वेगळीच. मला उत्तर देता आलं नाही. पुण्याला परतल्यावर मी थेरपी बंद केली. उत्तर शोधायला मात्र पुढची काही वर्षं गेली.

शोधताना कळलं, की हा प्रश्न अण्णांच्या कितीतरी आधी खुद्द सिग्मंड फ्रॉईडसमोर होता. १९१३ साली उपचाराची सुरुवात कशी करावी यावर त्यांनी एक निबंध लिहिला. त्यात पैशांबद्दल आडपडदा नाही. प्रत्येक रुग्णाला ते आपल्या दिवसातला एक ठरावीक तास जणू भाड्यानं देत. त्या तासाला रुग्ण आला नाही तरी भाडं लागू. फुकट उपचारांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. सुमारे दहा वर्षं रोज एक, कधी दोन तास त्यांनी विनामूल्य देऊन पाहिले होते आणि अनुभव चांगला नव्हता.

पण पाचच वर्षांनी, पहिलं महायुद्ध संपत आलेलं असताना, हेच फ्रॉईड बुडापेस्टच्या परिषदेत वेगळं बोलले. गरिबाला शस्त्रक्रियेचा हक्क आहे तसाच मनाच्या उपचारांचाही आहे, मनाचे आजार समाजाचं आरोग्य क्षयरोगाइतकंच पोखरतात, आणि एक दिवस समाजाला जाग येऊन असे उपचार मोफत मिळतील, असं त्यांनी सांगितलं. १९२० मध्ये बर्लिनला आणि १९२२ मध्ये व्हिएन्नाला अशी केंद्रं उघडली. बर्लिनमध्ये ज्याला जेवढं जमेल तेवढं त्यानं द्यायचं, काहीच जमत नसेल तर नाही द्यायचं. मग खर्च कसा भागायचा? बराचसा मॅक्स आयटिंगॉन या डॉक्टरांच्या घरच्या पैशातून. पुढे नाझी राजवट आली आणि ज्यू डॉक्टरांना देश सोडावे लागले. हे दोन्ही प्रयोग मोडले.

इथं मला पहिला धागा सापडला. फी कुणी माफ केली, म्हणजे ती नाहीशी झाली असं होत नाही. ती दुसरं कुणीतरी भरतं.

आपल्याकडचा इतिहासही याच हिशेबानं वाचता येतो. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावानं समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढच्याच वर्षी तिनं मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडलं. तिथं आईबापांऐवजी एका उद्योगपतीनं मागे ठेवलेला पैसा फी भरत होता. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी त्याला देणगी दिली आणि जागा मिळाली येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयाच्या आवारात. म्हणजे फीचा एक हिस्सा मराठी वाचक-प्रेक्षकांनी पुलंना दिलेल्या पैशातून आला आणि जागेचा भार सरकारनं उचलला. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात आयपीएच ही संस्था सुरू केली. एकाच छताखाली अनेक तज्ज्ञ आणि त्यांच्या जोडीला कार्यकर्ते, अशी ही रचना. एकट्यानं दवाखाना चालवताना जो भार एकाच माणसावर येतो, तो अशा ठिकाणी वाटला जातो.

हा भार नेमका कसला, हे मला माझ्या थेरपिस्ट बाईंनीच सांगितलं होतं. पाचव्या बैठकीत मी चाचरत विचारलं होतं, "मॅडम, एवढी फी का?" त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या दिवसात पाचापेक्षा जास्त माणसं घेत नाहीत, कारण सहाव्याचं ऐकायला कान उरत नाहीत. प्रत्येक बैठकीनंतर टिपणं लिहायची असतात. महिन्यातून दोनदा त्या स्वतः एका ज्येष्ठ थेरपिस्टकडे जातात आणि आपलं कुठे चुकतंय ते तपासून घेतात. त्याची फी त्या भरतात. खोलीचं भाडं आहे. ऐनवेळी न आलेल्या माणसाचा तास रिकामा जातो, तो दुसऱ्या कुणाला देता येत नाही. आजारपणाची रजा नाही, पेन्शन नाही. शिवाय शिक्षण. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर एम.ए.नंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं दोन वर्षांचं एम.फिल. हा आजवरचा नेहमीचा रस्ता राहिला आहे, आणि त्याच्या जागा मोजक्या. 'समुपदेशक' अशी पाटी लावायला मात्र एवढं सगळं कुणी मागत नाही. म्हणून समोरच्याचं शिक्षण विचारायला लाजू नये.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी तेव्हा मला क्षुल्लक वाटली. "यातले काही पैसे त्या दाराचे आहेत," त्या म्हणाल्या. दार बंद होतं. आतलं बाहेर जात नाही.

त्या दाराची किंमत मला गावात कळली. आमच्याकडे ऐकणारे कान फुकट मिळतात, पण पारावर. त्या पावसाळ्यानंतर अण्णा रात्र रात्र अंगणात बसून असायचे. एकदा शेजारच्या काकांनी चारचौघांत विचारलं, "झोप लागंना का?" अण्णा म्हणाले, "लागती की." दुसरं काय म्हणणार? पारावर सांगितलेलं संध्याकाळपर्यंत सोसायटीत, दुकानात आणि सोयऱ्यांत पोचतं.

परभणीच्या माणसाला या हिशेबात आणखी एक रकाना जोडावा लागतो: अंतर. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं. चारही इंग्रजांच्या मुलखात उभी राहिलेली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, पण या चारांतलं एकही त्याच्या वाट्याला आलं नाही. त्यामुळे आमच्याकडे उपचार म्हणजे आधी एसटी किंवा रेल्वे, सोबत एक माणूस आणि दोघांचीही बुडालेली मजुरी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता. पण ज्या बारा राज्यांत पाहणी झाली, तिथं उपचार आणि त्यासाठीचा प्रवास यांवर कुटुंबांचे महिन्याला हजार ते दीड हजार रुपये जात होते.

सरकारनं हा भार उचलायचं ठरवलं, तेही टप्प्याटप्प्यानं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा पातळीवरचा १९९६ चा. २०१५ मध्ये राज्यानं मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला. परभणी त्यात आहे. घरोघरी जाऊन कोण खचलंय याचा अंदाज घ्यायचं काम आशाताईंकडे आलं. आशाताईंना पगार नसतो, कामागणिक मोबदला असतो. म्हणजे इथंही फीचा एक वाटा कुणीतरी भरतंच: कमी पैशात जास्त ऐकून घेणारी गावातलीच एक बाई.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर याच्याही पुढे जातो. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी सेवा मोफत. आणि जिल्ह्यात किमान सरकारी सेवाच नसेल, तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या केंद्रात घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं द्यायचा. विमा कंपन्यांनीही शरीराच्या आणि मनाच्या आजारांत भेद करायचा नाही. १९१८ साली बुडापेस्टमध्ये बोललेलं वाक्य जवळपास शंभर वर्षांनी आपल्या कायद्यात आलं. ते किती जणांना माहीत आहे? मला तरी वहीत 'पुस्तकं' लिहीत होतो तेव्हा माहीत नव्हतं.

१० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारची टेलिमानस सेवा सुरू झाली. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, मोफत. फोनवरच्या चार गोष्टी म्हणजे सलग चालणारी थेरपी नव्हे, हे मला माहीत आहे. मी स्वतः नोकरी लागल्यावर परत एका थेरपिस्टकडे जायला लागलो. आता वहीत 'थेरपी' असंच लिहितो. पण गावातून पहिलं पाऊल टाकायला एसटी लागत नाही, हेही थोडं नाही.

गेल्या वर्षी सुट्टीत गावी होतो. एका रात्री अण्णा पुन्हा अंगणात बसलेले दिसले. मी काही न बोलता नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. ते माझ्याकडे बघत राहिले, मग उठून गोठ्यालगतच्या खोलीत गेले आणि आतून कडी लावून घेतली. मी अंगणातच थांबलो. वीसेक मिनिटांनी बाहेर आले. डोळे ओले होते. फोन परत देताना त्यांनी विचारलं, "ह्याचे किती झाले?"

"काहीच नाही."

"मंग त्या बाईला कोण देतंय?"

"आपणच, अण्णा. सगळ्यांनी मिळून."

त्यांनी मान हलवली. हिशेब पटला की ते अशीच मान हलवतात.