आपले मैदान : शंभर वर्षांची हकीकत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आपल्या मैदानाविषयी काही लिहावे असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले आणि ते काम मजकडे आले. त्याला निमित्तही तसेच आहे. शिवाजी पार्कच्या मैदानाच्या सुधारणेविषयी आपले मंडळ व आजूबाजूचे रहिवासी मिळून विभाग कार्यालयाकडे सूचना पाठविणार आहेत. भगिनींनी आतापर्यंत सुचविलेल्या गोष्टींनी वहीची चार पाने भरली. कोणाला सभोवार लोखंडी कठडा हवा, कोणाला कारंजे, कोणाला रंगीत दिवे, कोणाला सगळीकडे हिरवळ. हेतू सर्वांचाच चांगला. परंतु जुन्या घराची भिंत पाडण्यापूर्वी ती कशासाठी उभारली होती हे आपण वडीलधाऱ्यांना विचारतो. तसे या मैदानाला एकदा विचारून पाहावे, म्हणून हा लेख.

या मैदानाची पाळेमुळे प्लेगाच्या साथीत आहेत. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग दिसला आणि पाहता पाहता शहरभर पसरला. हजारो माणसे दगावली; ज्यांना गावाकडे घर होते ती मुंबई सोडून गेली. रोग एवढा फोफावला याचे एक कारण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. चाळींच्या अंधाऱ्या खोल्यांतून माणसे दाटीवाटीने राहत. वाऱ्याला आत यावयास जागा नाही, सांडपाण्याला बाहेर जावयास वाट नाही. मग १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्याने गर्दीच्या वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव या बाजूंना नव्या वस्त्या आखल्या. पूर्वी जेथे भाताची खाचरे व माडांच्या वाड्या होत्या, तेथे सरळ रस्ते, इमारतींमध्ये मोकळी जागा आणि मुलांना खेळावयास बागा आल्या. माटुंग्याच्या पाच बागा त्यातल्याच. माणसाला भाकरीइतकीच हवाही लागते, हा धडा मुंबई फार मोठी किंमत देऊन शिकली होती.

त्याच विचाराच्या ओघात समुद्राच्या बाजूला, माहीम व दादर यांच्यामध्ये, महापालिकेने १९२५ साली एक मोठे मैदान लोकांसाठी खुले केले. अठ्ठावीस एकरांच्या आसपासचे हे मैदान. त्याचे नाव तेव्हा ‘माहीम पार्क’ असे होते. त्याच्या भोवतीची घरे पुढच्या दहा-वीस वर्षांत उभी राहिली. म्हणजे आपल्याकडे आधी मैदान आले व मग शेजार आला. घरे बांधून झाल्यावर उरलेल्या तुकड्यात बाग करावयाची, ही रीत नंतरची.

आता नावाची हकीकत. ती आपल्या मंडळाने विशेष आवडीने ऐकावी अशी आहे. १९२७ साली ‘माहीम पार्क’चे ‘शिवाजी पार्क’ झाले. त्या काळी शिवाजी महाराजांचे जन्मवर्ष १६२७ मानीत असत. तेव्हा ते वर्ष त्रिशताब्दीचे होते. महाराजांचे नाव मैदानाला द्यावे यासाठी ज्यांनी पुढाकार घेतला त्या नगरसेविका म्हणजे अवंतिकाबाई गोखले.

अवंतिकाबाईंचे नाव हल्ली फारसे कोणी घेत नाही. त्यांचा जन्म १८८२ सालचा. लहानपणीच लग्न झाले आणि लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर शिकल्या. १९१३ साली इचलकरंजीच्या राणीसाहेबांबरोबर त्या विलायतेला जाऊन आल्या. १९१७ साली गांधीजींनी चंपारण्यात निळीच्या शेतकऱ्यांसाठी लढा दिला, तेव्हा त्या पतीसह बिहारला गेल्या आणि तेथील खेड्यात त्यांनी शाळेचे व स्वच्छतेचे काम केले. गांधीजींचे मराठी चरित्र त्यांनी १९१८ साली लिहिले व त्याला लोकमान्य टिळकांनी प्रस्तावना दिली. त्याच वर्षी त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज काढला. म्हणजे आपल्यासारखेच एक महिला मंडळ. १९२३ साली मुंबईच्या महापालिकेत प्रथमच स्त्रिया सभासद म्हणून बसल्या. त्यांत सरोजिनी नायडू होत्या आणि अवंतिकाबाईही होत्या. त्यानंतर चार वर्षांतच त्यांनी हे नाव पुढे आणले. १९४९ साली त्या वारल्या.

कोणी म्हणेल, नाव बदलले म्हणून मैदानात काय बदलले? मातीचा एक कणही बदलला नाही, हे खरे. परंतु माझ्या मते त्याने एक गोष्ट घडली. ‘माहीम पार्क’ ही महापालिकेची एक जागा होती. ‘शिवाजी पार्क’ म्हटल्यावर ती लोकांना आपली वाटू लागली. आणि जी जागा आपली वाटते तिच्यासाठी माणूस भांडावयास उभा राहतो. पुढे २०२० साली महापालिकेने नाव पूर्ण करून ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असे केले. बोलताना मात्र आपण सर्वजणी अजून ‘पार्क’ एवढेच म्हणतो.

या मैदानाने काय काय पाहिले ते सांगावयास एक लेख पुरणार नाही. स्वातंत्र्यापूर्वीच्या सभा येथे झाल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्रे यांची भाषणे ऐकावयास येथे माणसांचा समुद्र लोटे. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले. त्यानंतर महाराष्ट्रदिनाचे संचलन याच मैदानाशी जोडले गेले. महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६६ साली आला. त्या पुतळ्याच्या हातात तलवार नाही. हात पुढे करून महाराज वाट दाखवीत आहेत. एका कडेला समर्थ व्यायाम मंदिरात मुले-मुली मल्लखांब करतात. मधल्या मातीत विजय मांजरेकर, अजित वाडेकर, संदीप पाटील खेळले. रमाकांत आचरेकर सरांनी येथेच सचिन तेंडुलकर घडविला. सरांचे स्मारक २०२४ सालच्या डिसेंबरात मैदानाच्या कडेला झाले.

एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. देऊळ, व्यायामशाळा, जिमखाना, स्काउटांची जागा, वृद्धांसाठी बाग, पुतळा, हे सारे कडेकडेला आहे. मधली जागा मोकळी आहे. ती आपोआप मोकळी राहिली असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत मोकळी जागा म्हणजे उघडी ठेवलेली तिजोरी. कोणाला तेथे मंडप घालावयाचा असतो, कोणाला प्रदर्शन भरवावयाचे असते, कोणाला सभा घ्यावयाची असते. एकेक कारण घेतले तर प्रत्येक योग्यच वाटते. सगळी एकत्र केली की मुलांना खेळावयास दिवस उरत नाही. म्हणून रहिवासी न्यायालयात गेले. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. पुढे सरकारने खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांना वर्षातले ४५ दिवस ठरवून दिले. म्हणजे उरलेले ३२० दिवस खेळाचे. हा हिशेब आपण पाठ करून ठेवावा, कारण ज्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही त्या डब्यातले तांदूळ लवकर संपतात.

आता धुळीकडे येते, कारण सध्या सर्वांत मोठी तक्रार तीच. मध्यंतरी मैदानावर तांबडी माती टाकली गेली. ऊन पडले, वारा सुटला की ती उडते. कडेच्या इमारतींतून खिडक्या मिटून बसावे लागते, म्हाताऱ्यांना व दम्याच्या मुलांना त्रास होतो. पावसाचे पाणी जिरविण्यासाठी मैदानात विहिरी करून, त्याच पाण्यावर गवत वाढवावे आणि पाणी शिंपडावे, अशी योजनाही झाली. तरी धूळ गेली नाही. २०२५ सालच्या आरंभी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ही माती काढण्याविषयी सूचना दिली. 

हे काम दिसते तितके सोपे नाही. गवताला पाणी हवे आणि विसावाही हवा. जेथे रोज शेकडो पावले धावतात, डझनावारी खेळपट्ट्यांवर चेंडू पडतात, तेथे गवताचे मूळ धरीत नाही. सगळीकडे हिरवळ हवी असेल तर मुलांना बाहेर ठेवावे लागेल. माती मुळीच नको म्हटले तर पावसाळ्यात चिखल व खड्डे होतील. आपल्या आज्या-पणज्यांना अंगणाची धूळ ठाऊक होती. त्या झाडण्यापूर्वी सडा घालीत, आठवड्याला सारवीत आणि जेथे पाऊल पडत नाही तेथेच तुळस व फुलझाडे लावीत. मैदानालाही तोच न्याय लावावा असे मला वाटते. वरची मोकळी माती काढावी, राहील ती दाबून घट्ट करावी, कडेने जेथे खेळ चालत नाही तेथे गवताचे पट्टे व झाडे ठेवावीत, आणि उन्हाळ्यात पहाटे पाणी शिंपडावे. हे एकदा करून संपणारे काम नव्हे. अंगणासारखे ते रोजचे आहे. म्हणून सुधारणेच्या खर्चाबरोबर पुढे रोज पाणी कोण घालणार, तेही कागदावर लिहून मागितले पाहिजे.

कठड्याविषयीही थोडे लिहिते. दक्षिण मुंबईतील ओव्हल मैदान आपणांपैकी पुष्कळजणींनी पाहिले असेल. ते बावीस एकरांचे. एके काळी तेथे कचरा साठला होता, नशा करणारे बसत. संध्याकाळी बायकामाणसांनी तेथून जाऊ नये अशी अवस्था होती. तेथील रहिवाशांचा संघ, ज्यात स्त्रियाच पुढे होत्या, न्यायालयात गेला आणि १९९७ सालापासून त्यांनी मैदानाची देखभाल अंगावर घेतली. कुंपण नीट झाले, मधून जाण्याचा रस्ता राहिला, खेळ पुन्हा सुरू झाला. त्या मैदानाभोवतीच्या इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा मानही मिळाला. शेजाऱ्यांनी मनावर घेतले तर काय होते, याचा तो उत्तम नमुना आहे.

परंतु तेथील औषध येथे चालेलच असे नाही. आपल्याकडे मैदानाभोवती कट्टा आहे, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा. या कट्ट्याला दार नाही आणि तिकीटही नाही. सकाळी फिरणाऱ्या बायका दम लागला की त्यावर टेकतात; दुपारी दाराशी पत्रे टाकणारा पोरगा भाकरी खातो; संध्याकाळी निवृत्त मंडळी बसतात, रात्री कॉलेजची मुले. एखाद्या बाईला घरात चार भिंतींत जे बोलता येत नाही, ते मैत्रिणीजवळ कट्ट्यावर बोलता येते. लोखंडी कठडा आला की दरवाजा येतो, दरवाजा आला की कुलूप येते, आणि कुलूप आले की किल्ली कोणाच्या कनवटीला हा तंटा येतो. 

आणि एक दिवस असा आहे की ज्याचा विचार आपण अगोदर केला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले व दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दर वर्षी लाखो माणसे चैत्यभूमीच्या दर्शनास येतात. विदर्भ-मराठवाड्यातून, परराज्यांतून, लेकुरवाळ्या बायका व म्हातारी माणसे येतात आणि रात्री याच मैदानात पथारी टाकतात. पुस्तके विकत घेऊन जातात. आमच्या एक ज्येष्ठ काकू बैठकीत म्हणाल्या, “ते पाहुणे तीन दिवसांचे, आपण बारा महिन्यांच्या.” काकूंचा मान राखून मी म्हणेन की, ज्या घरात पाहुण्याला पाठ टेकावयास जागा नाही ते घर कितीही सजविले तरी अपुरेच. त्या दिवसांत पाण्याचे नळ पुरेसे असावेत, स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे असावीत, दिवे असावेत. या सोयी नीट झाल्या तर उरलेले बारा महिने त्या आपल्याच कामाला येतील. स्त्रियांचे स्वच्छतागृह पाहुणीलाही लागते आणि यजमानिणीलाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. सूचना पाठविताना नवीन काय बसवावे हे नंतर पाहू. प्रथम चार गोष्टी मागू. मधली जागा मोकळी राहावी. कट्टा सर्वांना खुला राहावा, त्याची फुटकी फरशी तेवढी दुरुस्त व्हावी. धुळीचा बंदोबस्त आणि त्याची रोजची जबाबदारी लेखी ठरावी. आणि स्वच्छतागृह, पाणी व कडेचे दिवे ही बायकांच्या सोयीची कामे सर्वांत आधी व्हावीत. कारंजे व रंगीत दिवे यांतून पैसे उरले तर पाहता येईल. न उरले तरी कोणाचे अडणार नाही.

शंभर वर्षांपूर्वी महापालिकेच्या सभागृहात मूठभर स्त्रिया बसल्या आणि त्यांतल्या एकीचा शब्द या मैदानाला कायमचा चिकटला. आज आपल्याला सभागृहात जावयाचे नाही; रस्ता ओलांडून विभाग कार्यालयापर्यंत जावयाचे आहे. पुढच्या महिन्यात निवेदन घेऊन जाताना जितक्या जणींना जमेल तितक्यांनी यावे. प्रत्येकीने आपण मैदानात कोणत्या वेळी जातो व तेथे आपल्याला काय अडचण येते, एवढे दोन ओळींत लिहून आणावे. सही मात्र स्वतःच्या नावाने करावी, घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नव्हे.