मुलींच्या संघाला शिकवणारं कोण? : महिला प्रशिक्षकांचा एक छोटा इतिहास



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, महिला संघांच्या प्रशिक्षकांचा इतिहास. पलीकडे जरा शांतता झाली. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कान्ट सोडून कबड्डीकडे कुठे वळला, असं त्यांना वाटलं असणार. त्याचं कारण आधी सांगतो.

१९९१-९२ ची गोष्ट. मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात होतो. नाव घेत नाही. क्रीडा समितीचं अध्यक्षपद त्या वर्षी माझ्या गळ्यात होतं. मुलींचा कबड्डीचा संघ दोन महिने सराव करत होता. अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जायचं होतं. मुलींबरोबर शिक्षिका हवी, हा नियम होता आणि तो योग्यच होता. पण दोन रात्री बाहेर राहायला कुणीच तयार होईना. कुणाची मुलं लहान, कुणाच्या घरी परवानगी नाही. शेवटी संघाचं नाव मागे घेतलं. त्या कागदावर सही माझी होती. मोताळ्याकडची एक मुलगी माझ्या केबिनच्या दाराशी येऊन म्हणाली, "सर, न्यायचंच नव्हतं तर सराव कशाला घेतला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हा मी त्या प्रश्नाच्या मागे लागलो. संघाला खेळाडू होत्या, मैदान होतं, बसभाड्याचे पैसेही होते. नव्हती ती एकच गोष्ट, जबाबदारी घेणारी बाई. ती कुठून येते? की ती घडवावी लागते?

आता थोडा इतिहास बघू. कबड्डी, खो-खो हे खेळ आपल्याकडे जुनेच. पण त्यांना नियम, संस्था आणि शिकवण्याची पद्धत मिळाली ती विसाव्या शतकात, आणि त्यात आपल्या वऱ्हाडाचा वाटा मोठा आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. अखिल भारतीय कबड्डी महासंघ १९५० मध्ये झाला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ साली मद्रासला, महिलांची १९५५ साली कलकत्त्याला. म्हणजे अंतर तीनच वर्षांचं. वाईट नाही, असं आपण म्हणू. पण पुढे बघा. आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांची कबड्डी आली १९९० साली, बीजिंगला. महिलांची आली २०१० साली, ग्वांगझूला. तीन वर्षांचं अंतर वीस वर्षांचं झालं.

या वीस वर्षांत काय होतं? पुरुष खेळाडूला पुढची पायरी दिसते. आधी खेळाडू, मग नोकरी, मग पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतला अभ्यासक्रम, मग प्रशिक्षक, निवड समितीचा सदस्य. पतियाळाची ही संस्था १९६१ सालची. पण तिथे जायला घरापासून लांब राहावं लागतं, आणि ज्या वयात खेळाडू प्रशिक्षक होऊ शकते, नेमकं त्याच वयात आपल्याकडे मुलीचं लग्न होतं. शिडी दोघांसाठी सारखीच आहे, असं कागदावर दिसतं. मधल्या दोन पायऱ्या मात्र एकीसाठी काढून ठेवलेल्या असतात.

इथे मला माझ्या विषयातला एक माणूस आठवतो. गिल्बर्ट राइल नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ. १९४९ च्या आपल्या पुस्तकात त्याने ज्ञानाचे दोन प्रकार वेगळे केले. एखादी गोष्ट अशी अशी आहे हे माहीत असणं एक, आणि एखादी गोष्ट करता येणं हे दुसरं. पोहण्याचं पुस्तक पाठ असलेला माणूस विहिरीत बुडू शकतो, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं. मला त्यात तिसरं जोडावंसं वाटतं, दुसऱ्याला करायला शिकवता येणं. उत्तम चढाई करणारी खेळाडू उत्तम शिकवेलच असं नाही. तिला समोरच्या मुलीचा पाय कुठे अडकतो ते बघावं लागतं, आपलं कौशल्य मोडून त्याचे तुकडे करावे लागतात. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही आणि नुसतं खेळूनही येत नाही. कुणाच्या तरी हाताखाली चार-पाच वर्षं शिकवत राहिल्यावर येतं. म्हणून प्रशिक्षकांचा ताफा एका दिवसात नेमता येत नाही.

आपल्याकडे महिला प्रशिक्षक झाल्याच नाहीत, असं मात्र समजू नका. भारतीय महिला कबड्डी संघ घडवणाऱ्यांत हरियाणाच्या सुनील डबास यांचं नाव मोठं आहे. २०१२ साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१४ साली पद्मश्री. आणि आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या शैलजा जैन. त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

शैलजाताईंनी नाशिकमध्ये तीन दशकांहून अधिक काळ मुलींना कबड्डी शिकवली. शेकडो खेळाडू तयार केल्या. भारतीय संघाचं प्रशिक्षकपद मात्र त्यांच्याकडे आलं नाही. निवृत्तीनंतर त्यांना इराणकडून विचारणा झाली. वयाची साठी जवळ आलेली, घरचं शाकाहारी जेवण, भाषा येत नाही, डोक्यावर रुमाल बांधावा लागणार. २०१७ मध्ये त्या गेल्या. फारसी शिकल्या. मुलींच्या सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. सुमारे दीड वर्षाने, २४ ऑगस्ट २०१८ रोजी, जकार्तामध्ये इराणच्या महिलांनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवलं. २०१० आणि २०१४ ची दोन्ही सुवर्णपदकं भारताची होती. २०१४ ला हरलेला संघ इराणचाच होता, ३१-२१ असा.

त्या दिवशी आपल्याकडे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आल्या. काहींना वाईट वाटलं, काहींना मराठी बाईचा अभिमान वाटला. मला तिसरंच काहीतरी दिसलं. इराणमध्ये मुलींच्या सरावाच्या जागी पुरुषांना सहसा प्रवेश नसतो. म्हणजे महिला प्रशिक्षक ही त्यांची गरज होती. बंधनातून निघालेली गरज, पण गरज. त्यामुळे त्यांनी शोध घेतला आणि तो शोध नाशिकपर्यंत पोहोचला. आपल्याकडे तशी सक्ती नाही, ते चांगलंच आहे. पण सक्ती नसली की शोधही घेतला जात नाही, हे मात्र खरं.

आता तुम्हाला थेट ऑस्ट्रेलियात नेतो. कारण त्याच २०१७ साली तिथे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा त्यांचा स्वतःचा खेळ. मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही लांबट, पायाने मारायचा आणि हातानेही पुढे द्यायचा. महिलांचे संघ १६ जणींचे. तो खेळ बायका शंभर वर्षं अधूनमधून खेळत होत्या, पण महिलांची राष्ट्रीय व्यावसायिक लीग सुरू झाली २०१७ मध्ये, आठ संघांची. या आठ संघांपैकी मुख्य प्रशिक्षक म्हणून बायका होत्या दोन. अ‍ॅडलेडच्या बेक गोडार्ड आणि फ्रीमँटलच्या मिशेल कोवन. बाकीचे सहा पुरुष.

पहिलं विजेतेपद कुणी जिंकलं? गोडार्ड यांच्या अ‍ॅडलेडने. २५ मार्च २०१७ ला, ब्रिस्बेनविरुद्ध ३५-२९ असं. पुढची गोष्ट लक्षात ठेवा. दुसऱ्या हंगामानंतर त्यांनी पद सोडलं. कारण क्लबकडे त्यांच्यासाठी पूर्णवेळ नोकरी नव्हती. त्या पोलीस खात्यात होत्या, फेडरल पोलिसात, त्या नोकरीवर परत गेल्या. विजेतेपद जिंकून दिलेली प्रशिक्षक पोटापाण्यासाठी मूळ कामावर परतते! २०२२ साली हॉथॉर्न क्लबच्या पहिल्या महिला संघासाठी त्या परत प्रशिक्षक झाल्या, पण मधली वर्षं गेलीच.

अमेरिकेचा अनुभव तर उलटाच धडा देतो. १९७२ साली तिथे शिक्षणसंस्थांत मुलींना खेळात समान संधी देणारा कायदा आला. त्या वेळी महाविद्यालयीन मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक बायका होत्या, बऱ्याचशा बिनपगारी किंवा तुटपुंज्या मानधनावर. कायद्यामुळे पैसा आला, खेळाडू कित्येक पटींनी वाढल्या. आणि प्रशिक्षक? हळूहळू पुरुष झाले. चार दशकांनी महिला प्रशिक्षकांचं प्रमाण ४०-४५ टक्क्यांवर आलं होतं. काम फुकट होतं तोवर ते बायकांचं होतं, पगार लागला तसं ते पुरुषांचं होत गेलं. आपल्याकडे स्वयंपाकाचं काय झालं ते आठवा. घरी रांधते ती बाई, लग्नाच्या पंगतीचा आचारी मात्र पुरुष.

टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळाडूंत बायका जवळपास निम्म्या होत्या. प्रशिक्षकांत किती? १३ टक्के. म्हणजे हा प्रश्न मोताळ्याचा नाही, मेहकरचाही नाही. सगळ्या जगाचा आहे.

पुरुष प्रशिक्षक नकोत, असं माझं म्हणणं नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळे या आपल्या महाराष्ट्राच्या कर्णधाराच्या संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघाचे प्रशिक्षक सुमित भाटिया होते. उत्तम काम केलं. माझा मुद्दा इतकाच, की ताफा एकाच प्रकारच्या माणसांचा असला तर काही गोष्टी कुणाच्या लक्षातच येत नाहीत. गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते, हे आता सर्वमान्य आहे. उडी मारून खाली कसं यायचं, हे त्यांना वेगळं शिकवावं लागतं. पाळीच्या दिवसांत सराव किती करायचा, हे पंधरा वर्षांची मुलगी एखाद्या सरांना विचारेल का? ती गप्प बसते. मग सरावाला यायचं बंद होते. आणि आपण म्हणतो, पोरींना चिकाटी नाही.

शिडी पूर्ण असली की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. तेजस्विनी बाई या कर्नाटकच्या. २०१० आणि २०१४ च्या सुवर्णपदक विजेत्या संघात त्या खेळाडू होत्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला भारतीय महिलांनी कबड्डीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या प्रशिक्षक होत्या. खेळाडूची प्रशिक्षक झाली. या पिढीला रेल्वेच्या नोकऱ्यांचा मोठा आधार मिळाला. महिला कबड्डीत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं बलाढ्य राहिला तो उगाच नाही. पगार आहे, सरावाला वेळ आहे, घरच्यांपुढे सांगायला पद आहे.

आपल्या बुलढाण्यातही हे दिसतं. आपल्या पोलीस दलातल्या मोनाली जाधव यांनी २०१९ साली चीनमध्ये जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीचं सुवर्ण जिंकलं. आपल्याच प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या तिरंदाजाला हरवलं. लहान शहरात हे घडू शकतं. धनुष्याला जमलं ते कबड्डीला न जमण्यासारखं काय आहे?

आपण सिंदखेडराजाच्या जिल्ह्यातली माणसं. दर १२ जानेवारीला जिजाऊंना वंदन करतो. त्यांनी शिवरायांना घडवलं, असं प्रत्येक भाषणात म्हणतो. म्हणजे बाई घडवू शकते, हे आपल्याला मान्य आहे. फक्त ते घरात, आई म्हणून. मैदानावर शिट्टी घेऊन उभी राहिलेली, मुलींना ओरडून बोलणारी, स्पर्धेला चार दिवस बाहेर राहणारी बाई अजून आपल्या नजरेला सवयीची झालेली नाही.

तालुक्याच्या एखाद्या संघासाठी ताफा उभा करायचा झाला तर काय लागेल, ते मी एका कागदावर मांडून बघितलं. एक अनुभवी मुख्य प्रशिक्षक, पुरुष असो वा स्त्री. तिच्या किंवा त्याच्या हाताखाली नुकतीच खेळ सोडलेली एक मुलगी, मानधनावर, किमान तीन वर्षं. आठवड्यातून एकदा येणारा फिजिओ. आणि बाहेरगावी बरोबर जाणारी व्यवस्थापक, जिला त्या दिवसांचा भत्ता आणि रजा दोन्ही मिळेल. यातली दुसरी जागा सगळ्यात स्वस्त आहे, आणि सगळ्यात आधी तीच कापली जाते. उद्याची मुख्य प्रशिक्षक तिथूनच येणार असते.

१९९१ साली आमच्याकडे त्या भत्त्याची आणि रजेची तरतूद असती, तर एखादी शिक्षिका कदाचित तयार झाली असती. आम्ही त्यांना फक्त विनंती केली. विनंतीवर बायकांकडून काम करून घ्यायची आपली सवय जुनी आहे.

ती मोताळ्याकडची मुलगी पुढे कुठे गेली, मला माहीत नाही. आज ती पन्नाशीच्या पुढे असेल. ती मोठी खेळाडू झाली असती का, हा विचार मी सोडून दिला. बारा जणींच्या संघात मोठी खेळाडू एखादीच होते. पण दोन महिने रोज संध्याकाळी साडेपाचला ती सगळ्यांच्या आधी मैदानावर यायची आणि नव्या मुलींना पकड कशी करायची ते दाखवत बसायची. हे मी तेव्हा बघितलं होतं. त्याचा अर्थ मला आत्ता लागतो.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. पण आधी समोर बसलेल्या मुलींनी विचारावेत, मग बाकीच्यांनी.