कोड खरंच फास्ट झाला, की कंपायलरने कामच टाळलं?

समजा तुम्ही सी मध्ये एक कोटी दशांश आकड्यांची बेरीज करणारा लूप लिहिला. ओ-थ्री ऑप्शन लावून कंपाईल केला, वेळ मोजली आणि ती निघाली जवळजवळ शून्य! यात जादू नाही. बेरीज तुम्ही कुठे छापलीच नाही, म्हणून कंपायलरने ते काम बिनकामाचं ठरवून अख्खा लूप काढून टाकला. याला डेड कोड एलिमिनेशन म्हणतात. म्हणून बेंचमार्कमध्ये उत्तर छापायचंच. आकडेही रन करताना बाहेरून द्या, नाहीतर कंपायलर आधीच हिशेब करून ठेवू शकतो.

एवढं केल्यावर खरी गंमत सुरू होते. तुमच्या फोनमधल्या एआरएम प्रोसेसरमध्ये निऑन नावाची सोय असते. तिचे रजिस्टर १२८ बिटचे, म्हणजे ३२ बिटचे चार आकडे एका झटक्यात. तरीही ओ-थ्री लावून जीसीसी आपला हा लूप एकेक आकडा घेऊनच चालवतो. आळस म्हणून नाही! चार वेगळ्या बेरजा करून शेवटी जोडल्या, तर बेरजेचा क्रम बदलतो आणि दशांश आकड्यांत क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. ६४ बिटच्या डबलमध्ये एकावर सोळा शून्यं असलेली संख्या घ्या. तिच्यातून तीच वजा करून १ मिळवला तर उत्तर १. आधी १ मिळवून मग ती वजा केली तर उत्तर ०, कारण एवढ्या मोठ्या संख्येत तो १ मावतच नाही.

फास्ट-मॅथ हा ऑप्शन लावला की कंपायलरला क्रम बदलायची परवानगी मिळते. वेग वाढतो, आणि गेममधली सावली पिक्सेलभर सरकली तर कोण बघतंय? पण विल्यम कहान यांची बेरजेतली चूक भरून काढणारी पद्धत वापरली असेल, तर ती दुरुस्ती 'बीजगणिताने शून्यच येते' म्हणून कंपायलर उडवू शकतो. माझ्या मते, वेळेशेजारी उत्तर न छापणारा बेंचमार्क अर्धवट आहे.

फोनवर मोजताना अजून एक: फोन तापला की प्रोसेसर आपला वेग कमी करतो. म्हणून एकदाच मोजू नका. मध्ये थांबून अनेकदा मोजा आणि मधला आकडा धरा.

आणि हो, फास्ट-मॅथ 'नॅन', म्हणजे अवैध आकडा, कधी येणारच नाही असं गृहीत धरतो. त्यामुळे नॅन पकडायला तुम्ही लिहिलेली तपासणीसुद्धा गायब होऊ शकते.