पितृऋण आणि अग्निबाण

१९०३ साली कलुगा येथील कॉन्स्टांटिन त्सिओल्कोव्स्की या शाळाशिक्षकाचा, अग्निबाणाने अंतराळात जाण्याचे गणित मांडणारा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस निकोलाय फ्योदोरोव हा वृद्ध ग्रंथपाल मॉस्कोत निवर्तला. दोघांचा संबंध केवळ तारखांचा नाही. १८७३ साली सोळा वर्षांचा, जवळजवळ बहिरा झालेला त्सिओल्कोव्स्की मॉस्कोस आला, तेव्हा ग्रंथालयात त्याला पुस्तके काढून देणारा गृहस्थ फ्योदोरोवच होता. भक्ती आणि यंत्र ही मानवाच्या भवितव्याची परस्परविरोधी स्वप्ने होत, असे गृहीत धरून आधुनिक विचाराचा इतिहास लिहिण्याची प्रथा आहे. रशियापुरते तरी हे गृहीत तपासून घ्यावयास हवे. कारण तेथे ही दोन्ही स्वप्ने एकाच मेजावर जन्मास आली.

फ्योदोरोव हा राजपुत्र गागारिन याचा अनौरस पुत्र. रुम्यान्त्सेव संग्रहालयाच्या ग्रंथालयात त्याने सुमारे पंचवीस वर्षे नोकरी केली. पगार गरजूंना वाटून टाकावा आणि रात्री पेटीवर निजावे, असा त्याचा क्रम. ख्रिस्ताचे पुनरुत्थान हे त्याच्या लेखी नुसते आश्वासन नव्हते, ती आज्ञा होती. जिवंत पुत्रांनी विज्ञानाच्या बळावर, विखुरलेला कण न् कण गोळा करून, मृत पित्यांना पुन्हा उठवावयाचे. मराठी वाचकास येथे ‘पितृऋण’ हा शब्द सहज आठवेल. मात्र श्राद्धाने फिटणारे हे ऋण नव्हे. उठलेल्या असंख्य पिढ्या राहणार कोठे? इतर ग्रहांवर. त्याच्या दर्शनात अंतराळप्रवासाची कल्पना अशा रीतीने पूर्वजांच्या निवाऱ्याच्या चिंतेतून निघाली. तिच्या पुढील इतिहासात या गोष्टीचे विस्मरण झाले.

हा विचार तऱ्हेवाईक खरा, परंतु दुबळा नव्हे. १८९१ च्या दुष्काळात अमेरिकेतील स्फोटकांनी पाऊस पाडण्याच्या प्रयोगांची वार्ता त्याच्या कानी आली, आणि सैन्यांनी आपली शस्त्रे परस्परांवर न रोखता निसर्गाच्या नियमनाकडे वळवावीत, या त्याच्या आग्रहाला बळ मिळाले. मात्र हे ‘समान कार्य’ झारच्या नेतृत्वाखाली व्हावयाचे होते. टॉलस्टॉय त्याला फार मानीत असे. तरीही टॉलस्टॉयचा दुष्काळावरील लेख १८९२ मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात आला, तेव्हा या राजनिष्ठ ग्रंथपालाने त्याच्याशी हस्तांदोलनही नाकारले. या कार्यातून कोणास बाहेर राहता येईल काय, याचे उत्तर तो देत नाही. मृतांची संमती तर कोणी विचारतच नाही. व्लादिमिर सोलोव्योव प्रथम या विचाराने भारावला होता. पण नरभक्षक होते तसेच उठवून काय साधणार, ही त्याने पुढे काढलेली शंका चुकीची म्हणता येत नाही.

याहून खोल उत्तर एका कादंबरीने दिले. फ्योदोरोवचा शिष्य पीटरसन याने गुरूचे नाव न सांगता हे विचार दोस्तोयेव्स्कीस कळविले होते. आपलेच असावेत अशा आपुलकीने ते वाचल्याचे त्याने मार्च १८७८ च्या पत्रात लिहिले. त्यानंतरच्या दोन वर्षांत प्रसिद्ध झालेली ‘करमाझोव बंधू’ मात्र या सिद्धांताची कठोर परीक्षा घेते. पित्यास उठवावे म्हणता. पण पिता जर फ्योदोर करमाझोव असेल तर? लंपट, लोभी, पुत्रांना विसरलेला असा हा बाप. कादंबरीच्या अखेरीस पुनरुत्थानाचा प्रश्न विचारला जातो तो इल्यूशा या बालकाच्या दफनानंतर. ऋणाची दिशाच येथे फिरते.

क्रांतीनंतरच्या वारसांनी मृतांना बहुधा वगळले आणि साधने तेवढी ठेवली. खुद्द त्सिओल्कोव्स्कीच्या विश्वात पूर्ण, सुखी जीवांना स्थान आहे; अपूर्ण जीवन तेथून काढून टाकावयाचे आहे. बोगदानोवने १९२६ मध्ये मॉस्कोत रक्तसंक्रमणाची संस्था स्थापिली आणि १९२८ मध्ये तसल्याच प्रयोगात तो स्वतः मरण पावला. अमेरिकेत १९६७ पासून मृतदेह गोठवून ठेवण्यात येत आहेत, परंतु ही सोय ज्याने त्याने स्वतःपुरती पाहावयाची. रे कुर्झवाइल याने १९७० साली वारलेल्या आपल्या संगीतकार पित्याचे कागदपत्र, यंत्राच्या साहाय्याने त्याची प्रतिकृती घडविता यावी म्हणून, जपून ठेवले आहेत. यात फ्योदोरोवचा सूर अवचित ऐकू येतो. पण येथेही पिता एकच, आपला.

सर्वांचे पिते हा शब्दप्रयोग कोणी गंभीरपणे घेतला असेल, तर तो आंद्रेय प्लातोनोवने. त्याच्या ‘खड्डा’ या कादंबरीत मजूर भावी मानवासाठी प्रचंड घराचा पाया खणतात आणि वोश्चेव हा कामावरून काढलेला माणूस अनाम लोकांच्या टाकाऊ चिजा पिशवीत गोळा करीत हिंडतो. शेवटी ज्या पोरीसाठी हे घर, तीच मरते, आणि खणलेल्या जागी तिला पुरावे लागते. १९३० मध्ये लिहिलेली ही कृती सोव्हिएत वाचकांच्या हाती १९८७ मध्ये पडली. तोवर युरी गागारिन अंतराळात जाऊन आल्याला २६ वर्षे झाली होती. तो सुताराचा मुलगा, फ्योदोरोवच्या राजघराण्याशी त्याचा नावापलीकडे संबंध नव्हता.