माल हवा, माणूस नको: ब्रिटन-भारत व्यापाराची जुनी गोष्ट, नवे कागद

‘लश्कर’ हा फारसी शब्द उर्दूत आला, मराठीतही ‘लष्कर’ म्हणून रुळला. युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडी मात्र त्याचे ‘लस्कर’ झाले आणि अर्थही बदलला. लस्कर म्हणजे शिपाई नव्हे, तर युरोपीय जहाजावर राबणारा आशियाई खलाशी. मुंबईहून सुटणाऱ्या ‘पी अँड ओ’ कंपनीच्या जहाजांवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान डेकवर असत, पंजाबी आणि पठाण इंजिनखोलीत कोळसा टाकत आणि गोव्याचे ख्रिस्ती स्वयंपाकघर नि जेवणाचे दालन सांभाळत. कोलकात्याहून निघणाऱ्या जहाजांच्या इंजिनखोल्यांत सिल्हेटचे मुसलमान मोठ्या संख्येने होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश जहाजांवर असे पन्नास हजारांहून अधिक लस्कर काम करत होते.

भारत-ब्रिटन मुक्त व्यापार कराराची चर्चा वाचताना या लस्करांची आठवण ठेवायला हवी. कारण आजच्या व्यापारातला खरा तिढा त्यांच्याच काळात पडलेला आहे: ब्रिटनला हिंदुस्थानचा माल हवा होता, हिंदुस्थानी हातही हवे होते, पण त्या हातांचा धनी असलेला माणूस आपल्या किनाऱ्यावर राहायला नको होता.

हा आरोप नाही, कायद्याच्या पुस्तकातच तसे लिहिले होते. १६६०च्या नौकानयन कायद्याने ब्रिटिश जहाजावरचे तीन चतुर्थांश खलाशी ब्रिटिश असणे बंधनकारक केले. मग लस्कराला कुठे मोजायचे? १८२३च्या कायद्याने उत्तर दिले की, कंपनीच्या किंवा राजाच्या मुलखात जन्मला असला तरी लस्कर हा ‘ब्रिटिश खलाशी’ समजला जाणार नाही. त्याला परत पाठवण्याची सोयही कायद्यातच करून ठेवली. त्याच्या करारपत्राची मुदत हिंदुस्थानच्या बंदरात परतल्यावरच संपे आणि पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, कित्येकदा त्याहून कमी. पुढे १९२५ साली निघालेल्या एका हुकमाने, ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागद दाखवू न शकणाऱ्या ‘रंगीत’ खलाशांना परदेशी म्हणून पोलिसांकडे नोंदणी करायला लावली. कागद दाखवा, नाहीतर तुम्ही परके! ही भाषा आपल्या कानांना नवीन नाही.

मालाच्या बाबतीतही ‘मुक्त व्यापार’ सोयीप्रमाणे मुक्त होता. हिंदुस्थानी छापील कापडाने इंग्लंडची बाजारपेठ काबीज केली, तेव्हा १७०० आणि १७२१च्या कायद्यांनी त्यावर बंदी आली. लँकेशायरच्या गिरण्या उभ्या राहिल्यावर मात्र मुक्त व्यापाराचे गोडवे सुरू झाले. १८९६ मध्ये हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात कर होता. लँकेशायरचे नुकसान होऊ नये म्हणून तेवढाच अबकारी कर इथल्या गिरण्यांच्या कापडावर बसवला गेला. मुंबईच्या गिरण्यांना तो जवळजवळ तीस वर्षे भरावा लागला.

साम्राज्य संपल्यावर काही काळ दार उघडे राहिले. १९४८च्या राष्ट्रीयत्व कायद्यानुसार राष्ट्रकुलातल्या नागरिकांना ब्रिटनमध्ये जाऊन राहण्याचा, काम करण्याचा हक्क होता. युद्धानंतर कारखान्यांना, बसगाड्यांना, इस्पितळांना माणसे हवी होती. पण माणसे खरोखर येऊ लागली तशी १९६२ मध्ये परवान्याची अट आली. १९६८ मध्ये केनियातले आशियाई येऊ लागले, तेव्हा त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट असूनही त्यांना अडवणारा कायदा अवघ्या तीन दिवसांत मंजूर झाला. आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेले असेल तर वाट मोकळी, नसेल तर बंद. रंगाचे नाव न घेता रंगाची चाळणी लावण्याचा हा प्रकार होता.

त्यानंतरची तारीख विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे: १ जानेवारी १९७३. त्या दिवशी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला आणि नेमका त्याच दिवशी १९७१चा इमिग्रेशन कायदा अमलात आला. इटलीच्या कामगाराला दार उघडले आणि ज्याच्या बापाने ब्रिटनच्या बाजूने महायुद्ध लढले, त्या हिंदुस्थानी वा पाकिस्तानी माणसाला ते जवळजवळ बंद झाले.

ब्रेक्झिटची गोष्ट इथून पाहिली तर वेगळी दिसते. २३ जून २०१६च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. प्रचारात दोन आश्वासने एकाच वेळी दिली जात होती. बहुसंख्य मतदारांना सांगितले गेले की बाहेरून येणारे लोंढे थांबतील. ‘करी हाउस’ चालवणाऱ्या दक्षिण आशियाई मालकांना सांगितले गेले की युरोपीय लोकांची मुक्त ये-जा थांबली की तुमच्या आचाऱ्यांना व्हिसा मिळणे सोपे होईल. ही हॉटेले बहुतांशी सिल्हेटी बंगाली मुसलमानांची, म्हणजे त्याच इंजिनखोलीतून उतरून लंडनमध्ये राहिलेल्या लस्करांचा वारसा सांगणाऱ्यांची. त्यांच्यातल्या अनेकांनी विश्वास ठेवून ब्रेक्झिटला मत दिले. पुढे कुशल कामगाराच्या व्हिसासाठी लागणारा किमान पगार वाढत वाढत जुलै २०२५ मध्ये ४१ हजार ७०० पौंडांवर गेला. एवढा पगार गल्लीतल्या करी हाउसने आचाऱ्याला द्यायचा कुठून?

युरोप सोडल्यावर जुने राष्ट्रकुल आपली वाट पाहत उभे असेल, अशी कल्पना लंडनमध्ये बऱ्याच जणांची होती. खुद्द ब्रिटिश अधिकारीच थट्टेने त्याला ‘एम्पायर २.०’ म्हणत. पंतप्रधान थेरेसा मे नोव्हेंबर २०१६ मध्ये व्यापाराची बोलणी करायला दिल्लीत आल्या, तेव्हा मोदींनी विद्यार्थ्यांच्या ये-जा करण्याचा विषय काढला. गृहमंत्री असताना मे यांनीच २०१२ मध्ये शिक्षणानंतर दोन वर्षे काम करण्याचा व्हिसा बंद केला होता आणि पाच-सहा वर्षांत ब्रिटनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली होती. दिल्लीचा सवाल सरळ होता: तुमची व्हिस्की आत येणार असेल, तर आमची मुले बाहेर का?

हा सवाल भावनेचा नाही, व्यापाराचाच आहे. ब्रिटनला विकण्यासारखे भारताकडे जे आहे, त्यात सेवांचा वाटा मोठा आहे: सॉफ्टवेअर, हिशेब, सल्ला, शुश्रूषा. तांदूळ जहाजातून पाठवता येतो, पण इंजिनिअरचे किंवा परिचारिकेचे काम पुष्कळदा तिथे जाऊनच करावे लागते. जागतिक व्यापार संघटनेचा सेवा करारही माणसाच्या तात्पुरत्या ये-जा करण्याला व्यापाराचाच एक प्रकार मानतो. म्हणून भारतासाठी व्हिसा हा जकातीइतकाच महत्त्वाचा मुद्दा आहे.

जानेवारी २०२२ मध्ये मुक्त व्यापाराची बोलणी सुरू झाली. बोरिस जॉन्सन यांनी दिवाळीपर्यंतची मुदत जाहीर केली. दिवाळीच्या तोंडावर गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी भारताशी ‘खुल्या सीमांचे’ धोरण नको असे सांगितले. व्हिसाची मुदत संपूनही राहणाऱ्यांत भारतीयच सर्वाधिक, असेही म्हणाल्या. दिल्लीत त्याचे तीव्र पडसाद उमटले. ब्रेव्हरमन यांचे वडील केनियातून आलेले, मूळ गोव्याचे. साम्राज्याच्या वाटेनेच त्यांचे घराणे लंडनला पोहोचले. त्याच महिन्यात लिझ ट्रस यांचे सरकारही कोसळले आणि दिवाळी करार न होताच गेली.

शेवटी ६ मे २०२५ रोजी करारावर सहमती झाली आणि २४ जुलैला सह्या झाल्या. भारताच्या जवळजवळ ९९ टक्के वस्तूंवरची ब्रिटिश जकात जाणार, व्हिस्कीवरचा १५० टक्के कर आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार. आता मधल्या तारखा पाहा. सहमतीनंतर सहाव्या दिवशी, १२ मे रोजी, त्याच ब्रिटिश सरकारने इमिग्रेशन आवळणारी श्वेतपत्रिका काढली. सह्यांच्या दोन दिवस आधी, २२ जुलैला, परदेशातून नवे केअर वर्कर बोलावण्याचा मार्ग बंद झाला. २०२२ मध्ये वृद्धांची सेवा करायला माणसे मिळेनात म्हणून हाच मार्ग उघडला होता. ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान स्टार्मर सव्वाशे जणांचे शिष्टमंडळ घेऊन मुंबईत आले, तेव्हा व्हिसा हा विषयच नाही, असे त्यांनी आधीच स्पष्ट करून टाकले.

ब्रेक्झिटनंतर भारतीयांसाठी दार बंदच झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२१च्या गुणांवर आधारित पद्धतीमुळे भारतीय विद्यार्थी, डॉक्टर, परिचारिका पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने गेले. करारासोबत ठरलेल्या सवलतीनुसार, कंपनीने तात्पुरते पाठवलेल्या भारतीय कर्मचाऱ्याला तीन वर्षे तिथला सामाजिक सुरक्षा निधी भरावा लागणार नाही. याचा लाभ ७५ हजार जणांना होईल, असे भारत सरकार सांगते. पण या सवलतीची रचना नीट पाहा. माणूस कंपनीने पाठवायचा, ठरावीक मुदतीने परत यायचा, वर्गणी मायदेशातच भरायची. पगार आणि सोयी अर्थातच वेगळ्या आहेत, पण करारपत्राचा सांगाडा लस्कराचाच आहे.

दिल्लीनेही हा सांगाडा आनंदाने मान्य केला, हे आपण विसरू नये. आपल्या सरकारने भांडण केले ते मोठ्या कंपन्यांच्या इंजिनिअरसाठी. केअर वर्करसाठी तितक्या जोराने कोणी भांडल्याचे दिसले नाही. जकात शून्य झाल्याचा फायदा तयार कपड्यांच्या निर्यातदाराला आधी मिळेल. कोरे कापड विणणाऱ्या मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग कामगारापर्यंत तो पोहोचेलच, याची हमी करारात नाही.

आपल्या वस्त्यांतून आज कोणी नर्सिंगसाठी, कोणी एम.एस्सी.साठी ब्रिटनला निघते. दागिने गहाण पडतात, कर्ज निघते. अशा प्रत्येक घराला माझे एवढेच सांगणे आहे: दोन पंतप्रधानांच्या हस्तांदोलनाचा फोटो पाहून निर्णय घेऊ नका. व्हिसाचा नियम वाचा, तो शेवटचा कधी बदलला ते पाहा आणि नोकरी सुटली तर किती दिवसांत देश सोडावा लागेल, हे आधी विचारा. लस्कराच्या करारपत्रात परतीची अट ठळक असे, पण त्याला ती वाचता येत नसे. आपल्या मुलांना वाचता येते.